पार्सल निघण्याआधीच फाइल तयार हवी: परदेशी गिऱ्हाइकांना ऑनलाइन विकताना पेमेंटच्या वादांपासून बचाव

समजा, कोल्हापुरातल्या एका दुकानानं टेक्सासच्या गिऱ्हाइकाला कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपलांचा जोड ८५ डॉलरला विकला. पैसे आले, पार्सल गेलं, पोचलं. चौथ्या महिन्यात खात्यातून ८५ डॉलर वजा झाले, वर चार्जबॅकची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेनं पैसे परत ओढण्याची, फी. गिऱ्हाइकानं आपल्या बँकेला एवढंच कळवलं होतं की माल वर्णनाप्रमाणे नव्हता. या तक्रारीचा निकाल जो कोणी देणार आहे तो चप्पल हातात घेऊन बघणार नाही, तुम्हाला फोनही करणार नाही. त्याच्यापुढे दोन फाइली असतील, एक गिऱ्हाइकाची आणि एक तुमची. तुमची बाजू खरी आहे की नाही यापेक्षा ती कागदावर दिसते की नाही, यावर निकाल लागतो.

आणि हे कागद वाद आल्यावर जमवता येत नाहीत. पॅकिंगचा फोटो पॅकिंगच्या दिवशीच निघतो. म्हणून खाली वाद लढण्यापेक्षा त्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

पैसे कोणकोणत्या वाटांनी परत जातात

पहिली वाट मार्केटप्लेसची. एट्सी, ईबे, अ‍ॅमेझॉन यांची स्वतःची तक्रार-पद्धत असते. ईबेवर गिऱ्हाइकाला माल मिळाल्यापासून, किंवा मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून, साधारण ३० दिवस मिळतात. ही मुदत त्यातल्या त्यात लहान.

दुसरी पेपालची. इथे पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत डिस्प्यूट उघडता येतो. डिस्प्यूट म्हणजे आधी दोघांमधली बोलणी. २० दिवसांत गिऱ्हाइकानं तो क्लेममध्ये बदलला नाही तर तो आपोआप बंद होतो. क्लेम झाला की मात्र निर्णय पेपालच्या हातात जातो.

तिसरी वाट कार्डाच्या बँकेची, म्हणजे चार्जबॅक. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे बहुतेक प्रकारांत १२० दिवसांची मुदत असते, पण ती नेहमी पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. माल न मिळाल्याच्या तक्रारीत ती अपेक्षित डिलिव्हरीच्या तारखेपासून धरली जाते, आणि व्हिसाच्या नियमांत काही प्रकारांत व्यवहारापासून कमाल ५४० दिवसांपर्यंत जाता येतं. या वाटेमागे कायदाही आहे. अमेरिकेत १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट, ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५, जे १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या वस्तूंसाठी क्रेडिट कार्डाच्या कंपनीलाच विक्रेत्याच्या बरोबरीनं जबाबदार धरतं. तिकडच्या माणसाला बँकेत तक्रार करणं म्हणजे भांडण वाटत नाही. तो त्याचा रोजचा हक्क आहे. आपल्याकडचे विक्रेते इथेच दुखावतात आणि रागाच्या भरात उत्तर लिहितात.

पेपालमध्ये हरलेलं गिऱ्हाईक नंतर बँकेकडेही जाऊ शकतं. त्यामुळे एक केस जिंकलात म्हणून फाइल पुसू नका. प्रत्येक ऑर्डरची फाइल किमान दोन वर्षं ठेवा.

तक्रारीचं कारण कोणतं, हे सगळ्यात आधी

वाद मुख्यतः तीन जातींचे असतात, आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा.

‘हा व्यवहार मी केलाच नाही’ ही पहिली जात. व्हिसाच्या यादीत तिचा कोड १०.४, मास्टरकार्डच्या यादीत ४८३७. कार्ड खरोखर चोरीचं असू शकतं, किंवा बायकोनं नवऱ्याच्या कार्डावर खरेदी केली आणि नवऱ्यानं स्टेटमेंटवरचं नाव ओळखलं नाही, असंही असू शकतं. दुसरी जात ‘माल मिळालाच नाही’, व्हिसाचा १३.१. तिसरी ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’, व्हिसाचा १३.३. मास्टरकार्ड या दोन्ही तक्रारी ४८५३ खाली घेतं.

पेपालची सेलर प्रोटेक्शन, म्हणजे विक्रेत्याचे पैसे वाचवणारी हमी, फक्त पहिल्या दोन जातींना लागू होते. तिसरीला नाही. बरेच विक्रेते समजतात की ट्रॅकिंग नंबर टाकला की आपण सुरक्षित, आणि मग ‘रंग वेगळा निघाला’ या तक्रारीला डिलिव्हरीची पावती जोडून मोकळे होतात. माल पोचला हे गिऱ्हाईक नाकारतच नसतं, त्यामुळे ती पावती तिथे काहीच सिद्ध करत नाही.

पैसे घ्यायचा रस्ता ठरवा

पेपाल भारतात १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत पेमेंट घेत नाही, पण परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी चालू आहे. त्याची सेलर प्रोटेक्शन मिळायला काही अटी आहेत: व्यवहाराच्या पानावर दिसणाऱ्या पत्त्यावरच माल पाठवलेला हवा, पाठवल्याचा किंवा पोचल्याचा पुरावा हवा, ७५० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या ऑर्डरला सहीनिशी डिलिव्हरी हवी, आणि पेपालनं मागितलेली कागदपत्रं मुदतीत द्यायला हवीत. एक अट चुकली तरी संरक्षण गेलं.

स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवेमार्फत (कार्डाचे पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीमार्फत) कार्ड घेत असाल तर थ्री-डी सिक्युअर, म्हणजे कार्डधारकाची ओळख त्याच्या बँकेकडून पडताळून घेणारी पायरी, चालू ठेवा. आपल्याला प्रत्येक व्यवहाराला ओटीपीची सवय आहे, पण अमेरिकन कार्डाला बऱ्याचदा ओटीपी येतच नाही. व्यवहार थ्री-डी सिक्युअरमधून पार पडला असेल तर चोरीच्या कार्डाची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. त्यामुळे दोन-चार गिऱ्हाइकं चेकआउटवरून परत गेली तरी महागड्या मालासाठी तो अडथळा असू द्यावा, असं माझं मत आहे. मालाच्या दर्जाबद्दलच्या तक्रारीत मात्र त्याचा काही उपयोग नाही.

गेटवेच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट लगेच बघा: गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर तुमचं कोणतं नाव छापलं जातं? दुकान ‘सह्याद्री क्राफ्ट्स’ आणि स्टेटमेंटवर मालकाच्या आजोबांच्या नावाची ट्रेडिंग कंपनी, असं असेल तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ची तक्रार तुम्ही स्वतःच ओढवून घेताय. नाव दुकानाचं ठेवा आणि ऑर्डरच्या ईमेलमध्ये लिहा की कार्डावर हे नाव दिसेल.

न्यू जर्सी किंवा लंडनमधली मराठी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात आणि म्हणतात, ‘दादा, माझा भाऊ पुण्यात आहे, तो तुम्हाला यूपीआय करेल.’ चार्जबॅकच्या दृष्टीनं हे बिनधोक वाटतं. पण माल निर्यात झाला आणि परकीय चलन आलंच नाही, अशी नोंद बँकेच्या निर्यात-यादीत उघडी राहते. पैसे भरणारा एक, माल घेणारा दुसरा, आणि ऑर्डरचा लेखी पुरावा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे. ओळखीच्या गिऱ्हाइकालाही वेबसाइटची किंवा इन्व्हॉइसची लिंक पाठवा. त्याला राग येत नाही, विचारून बघा.

निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतो. तो डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. पैसे आल्याचा बँकेचा किंवा पेपालचा परकीय चलन-दाखला दर महिन्याला उतरवून त्या-त्या ऑर्डरच्या फाइलमध्ये टाका.

वर्णन असं लिहा की तेच साक्षीदार होईल

‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीत परीक्षक तुमचं वर्णन आणि गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो शेजारी-शेजारी ठेवतो. वर्णनात विशेषणं असतील तर तुलना करायला काही उरत नाही आणि संशयाचा फायदा गिऱ्हाइकाला जातो. ‘अस्सल, मऊ, सुंदर’ हे शब्द तुमच्या बाजूनं साक्ष देत नाहीत. ‘मऊ’ तर उलट विरोधात जातो, कारण नवी कोल्हापुरी मऊ नसते.

कोल्हापुरीचंच उदाहरण पुढे नेऊ. सगळ्यात जास्त भांडण मापाचं. अमेरिकेचा ८ आणि ब्रिटनचा ८ ही वेगवेगळी मापं आहेत, युरोपचे आकडे तर निराळेच, त्यात पुरुष-बायकांची मापं वेगळी. म्हणून आकड्याबरोबर तळव्याची लांबी सेंटिमीटर आणि इंचात लिहा, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कसा आखायचा त्याचं चित्र द्या, आणि शक्य असेल तर ऑर्डरच्या वेळी गिऱ्हाइकाकडून पायाची लांबी भरून घ्या. तो रकाना त्यानं स्वतः भरलेला असला की तक्रारीचा निम्मा जीव जातो.

मग कातड्याच्या गोष्टी. पारंपरिक पद्धतीत कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात. त्याला वास असतो, तेल लावलं की रंग गडद होतो, उन्हात आणि पाण्यात बदलतो. हातानं वेणी घातलेली असल्यामुळे डावी-उजवी तंतोतंत सारखी नसते. पहिले काही दिवस चप्पल चावते, काही जोड वाजतात. हे सगळं आपल्याला सांगावंसं वाटत नाही, कारण दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला ते माहीतच असतं. टेक्सासच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. वर्णनात माफी मागितल्यासारखं लिहू नका, साध्या वस्तुस्थितीसारखं लिहा: कातडं कोणत्या जनावराचं, तळ किती जाड, वास किती दिवस राहतो, पाण्यात वापरायची की नाही. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, त्यात एक मोजपट्टी ठेवून आणि एक तळाकडून.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तो महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरता आहे. दुसरीकडे बनलेल्या रेक्झिनच्या चपलेला ते नाव लावून विकलीत तर ‘माल नकली आहे’ अशी वेगळीच तक्रार येऊ शकते. व्हिसामध्ये तिचा कोड १३.४. तीत माल परत करण्याचा आग्रहही तुम्हाला धरता येईल असं नाही. पैसे जातात आणि मालही तिकडेच राहतो. तेच पैठणीचं. हातमागाची की यंत्रमागाची, जरतार कशाची, सेमी-पैठणी असेल तर तसं स्पष्ट लिहा. दागिन्यांत ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलंत तर खाली तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे, त्यात चांदी नाही, हेही लिहा. परदेशी गिऱ्हाईक ते नाव अक्षरशः वाचतं.

ऑर्डर आली की त्या दिवशीच्या वर्णनाच्या पानाची पीडीएफ काढून फाइलमध्ये ठेवा. नंतर तुम्ही वर्णन सुधारलंत तर जुनं पान कुठेच सापडत नाही.

डिलिव्हरीची तारीख देताना हात आखडता घेऊ नका. १० दिवसांत पोचतं म्हणून १० लिहू नका, २१ ते ३० लिहा. न मिळाल्याच्या तक्रारीचं घड्याळ तुम्ही दिलेल्या तारखेपासून चालू होतं.

ऑर्डर आली: पाठवू की थांबू?

बहुतेक ऑर्डरी साध्या असतात आणि प्रत्येकीकडे संशयानं बघितलंत तर धंदा होणार नाही. पण काही खुणा एकत्र आल्या की थांबा. नवं गिऱ्हाईक, एकही प्रश्न नाही, सगळ्यात महाग माल, तोही अनेक नग, आणि सगळ्यात जलद कुरिअर. बिलाचा पत्ता एका देशात, पार्सलचा पत्ता दुसऱ्या देशातल्या गोदामाचा. एकाच गिऱ्हाइकाचे चार-पाच वेगवेगळ्या कार्डांवरचे फसलेले प्रयत्न आणि मग एक यशस्वी.

पैसे भरल्यानंतर ईमेलवर आलेली पत्ता बदलण्याची विनंती हा जुना सापळा आहे. नव्या पत्त्यावर माल गेला की पेपालचं संरक्षण संपतं. उत्तर ठरलेलं ठेवा: ही ऑर्डर रद्द करून पैसे परत देतो, नव्या पत्त्यानं पुन्हा ऑर्डर करा. मुलगा लंडनहून ऑर्डर करतो आणि माल न्यू जर्सीतल्या एडिसनला आईकडे हवा असतो, तेव्हाही हाच नियम. भेट जिथे पोचवायची तो पत्ता चेकआउटमध्येच भरायला सांगा.

‘माझा कुरिअरवाला येऊन माल घेईल, त्याचे पैसे मी तुम्हाला जास्त पाठवले आहेत, तुम्ही त्याला द्या’ असं कोणी म्हटलं तर पुढे बोलूच नका. मूळ पेमेंट चोरीच्या कार्डाचं असतं आणि कुरिअरवाल्याला दिलेले पैसे तुमच्या खिशातून जातात. ‘पेमेंट रोखून ठेवलं आहे, ट्रॅकिंग नंबर टाका म्हणजे जमा होईल’ अशा पेपालच्या नावाच्या ईमेलांचं काय करायचं? ईमेलमधली लिंक दाबायची नाही. स्वतः खात्यात लॉगिन करून रक्कम दिसते का बघायची.

एक प्रकार ओळखायला अवघड असतो. भामटा स्वतःचं खोटं दुकान उघडतो, खऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो, आणि चोरीच्या कार्डानं तुमच्याकडून तोच माल त्या गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर मागवतो. पत्ता खरा, माणूस खरा, डिलिव्हरी झालेली, तरीही दोन महिन्यांनी कार्डाचा मालक तक्रार करतो. एकाच नावानं किंवा ईमेलनं वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या माणसांना माल जातोय असं दिसलं तर हेच चाललंय समजा.

शंका आली तर एक दिवस थांबा आणि गिऱ्हाइकाला साधा प्रश्न विचारा, मापाबद्दल किंवा रंगाबद्दल. खरं गिऱ्हाईक उत्तर देतं, बहुतेकदा खूश होऊन. उत्तर पटलं नाही तर पैसे परत करा. पाठवण्याआधी रद्द केलेल्या ऑर्डरीत फार तर फी जाते.

पार्सल बांधतानाची शिस्त

टेबलावर वजनकाटा, ऑर्डर नंबरची चिठ्ठी आणि फोन. माल, चिठ्ठी आणि उघडा खोका एका फोटोत. मग खोका बंद करताना न थांबवलेला छोटा व्हिडिओ, शेवटी काट्यावरचं वजन आणि पत्त्याचं लेबल दिसेल असा. ‘खोका रिकामा आला’ किंवा ‘एकच चप्पल आली’ या तक्रारीला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे तुमच्या व्हिडिओतलं वजन आणि बुकिंगच्या पावतीवरचं वजन जुळणं. पावतीवर वजन छापलं आहे ना, काउंटर सोडण्याआधी बघा.

बिनट्रॅकिंगचं स्वस्त पाकीट परदेशी पाठवू नका. त्याची तक्रार आली की तुम्ही हरलेलेच असता. पोस्टानं पाठवायचं असेल तर ईएमएस स्पीड पोस्ट किंवा हलक्या मालाला इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट घ्या. अनेक ठिकाणी डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली आहेत, तिथे निर्यातीचे कागदही होतात. पोस्टाचा नंबर तेरा अक्षरांचा असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. तोच नंबर अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या टपाल खात्याच्या साइटवरही चालतो. डिलिव्हरी झाली की दोन्हीकडच्या पानांची पीडीएफ लगेच काढा, कारण ट्रॅकिंगच्या नोंदी कायम राहत नाहीत आणि चार्जबॅक सहा महिन्यांनीही येतो. पीडीएफवर तारीख, ‘पोचलं’ अशी नोंद आणि निदान शहर व पिनकोड दिसायला हवा.

खासगी कुरिअरनं पाठवताना एक वाईट सवय सर्रास दिसते. कर वाचावा म्हणून माल ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ दाखवायचा आणि किंमत दहा डॉलर लिहायची. कायद्याची बाजू सोडा, वादातही हे तुमच्यावर उलटतं. ८५ डॉलरच्या मालाचा तुमचाच कागद दहा डॉलर सांगतो, आणि पार्सल हरवलं तर भरपाई दहा डॉलरचीच. व्यापारी माल कुरिअरनं सीएसबी-५ (कुरिअरच्या व्यापारी निर्यातीचा कस्टम्सचा कागद) खालीच पाठवा, खरी किंमत लिहून.

सीमाशुल्कामुळे होणारी भांडणं

अमेरिकेत पूर्वी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क नसायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत बंद झाली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेला जाणारी मालाची पार्सलं थांबवली होती. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली, बुकिंगच्या वेळीच शुल्क भरून घेण्याच्या पद्धतीनं. मधल्या काळात ज्यांची पार्सलं अडकली त्यांना ‘माल मिळाला नाही’ या तक्रारी आल्या नसत्या तरच नवल. शुल्काचे दर त्यानंतरही बदलत राहिले आहेत, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर बघूनच किंमत सांगा.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून प्रत्येक पार्सलवर व्हॅट आहे. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट आयओएसएस (आयात मालाच्या व्हॅटसाठीची एकखिडकी नोंदणी) पद्धतीनं विक्रीच्या वेळीच भरता येतो, आणि मार्केटप्लेसवर विकत असाल तर तो मार्केटप्लेसच घेतं. त्याचा नंबर कुरिअरच्या कागदावर टाकायचा राहिला तर गिऱ्हाइकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा मागतात, आणि मग तक्रार तुमच्यावर. ब्रिटनमध्ये अशीच मर्यादा १३५ पौंडांची.

गिऱ्हाइकाला दारात अचानक शुल्काची चिठ्ठी मिळाली की तो पार्सल नाकारतो आणि पैसे मागतो. ‘शुल्क तुम्ही भरायचं आहे’ हे चेकआउटवर, टिकमार्क करून घेऊन, लिहिलेलं असलं पाहिजे. धोरणाच्या पानाच्या तळाशी असून उपयोग नाही. माल गिऱ्हाइकाच्याच देशाच्या कस्टम्समध्ये अडकला असेल तर व्हिसाच्या नियमात ‘मिळाला नाही’ची तक्रार टिकत नाही, आणि कस्टम्सची नोंद दाखवणारं ट्रॅकिंग तिथे कामी येतं. पण परवडत असेल तर शुल्क किमतीतच धरून, आधी भरूनच पाठवा. भांडण जिंकण्यापेक्षा ते टळलेलं स्वस्त पडतं.

माल परत घेण्याचं धोरण

‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहून चार्जबॅक थांबत नाही. उलट गिऱ्हाइकाला तुमच्याकडे यायचा रस्ता बंद दिसला की ते थेट बँकेकडे जातं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, मात्र गिऱ्हाइकाच्या मापानं किंवा नावानं खास बनवलेल्या वस्तूंना तो लागू नाही. तुम्ही पायाच्या मापानं जोड बनवता का, साडीला गिऱ्हाइकाच्या मापाचं ब्लाउज शिवून देता का? मग ते वर्णनात आणि ऑर्डरच्या पुष्टीच्या ईमेलमध्ये ठळक लिहा.

किती दिवसांत, कोणत्या स्थितीत, परतीचा खर्च कोणाचा, हे चार ओळींत सांगा. परत येणाऱ्या पार्सलवर भारतात कस्टम्स शुल्क लावू शकतं. निर्यात झालेला आपलाच माल परत येतोय हे दाखवायला मूळ शिपिंग बिल (निर्यातीच्या वेळी कस्टम्सला दिलेला कागद) आणि इन्व्हॉइस लागतं. गिऱ्हाइकाला परतीच्या पार्सलवर तसं लिहायला सांगा आणि मूळ इन्व्हॉइसची प्रत आत टाकायला सांगा. स्वस्त मालात परतीचं कुरिअर मालापेक्षा महाग पडतं. तिथे अर्धे पैसे परत देऊन माल गिऱ्हाइकाकडे राहू द्यावा, हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

परतावा नेहमी मूळ व्यवहारातूनच द्या. वेगळ्या खात्यात, वेगळ्या अ‍ॅपवर पैसे पाठवलेत तर मूळ पेमेंटवर चार्जबॅक येऊन तेच पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात.

तक्रार आली, आता काय

आधी मुदत बघा. कार्डाच्या नियमांत विक्रेत्याला उत्तरासाठी बरेच दिवस असतात, पण गेटवे आणि बँक आपापला वेळ कापून घेतात आणि तुमच्या हातात आठवडा-दहा दिवस येतात. गप्प बसलात तर हरलात, माल कितीही चांगला असो. गिऱ्हाइकाशी बोलणं चालू असलं तरी उत्तर मुदतीतच भरा.

मग कोड बघा आणि फक्त त्याच आरोपाला उत्तर द्या. माल मिळाला नाही म्हणत असेल तर डिलिव्हरीचा पुरावा, पत्ता जुळल्याचं पान, सही असेल तर सही. वर्णनाप्रमाणे नाही म्हणत असेल तर त्या दिवसाच्या वर्णनाची पीडीएफ, त्यानं भरलेलं माप, पॅकिंगचे फोटो, आणि तुम्ही परतावा देऊ केल्याचे संदेश. व्यवहार केलाच नाही म्हणत असेल तर थ्री-डी सिक्युअरची नोंद, आयपी पत्ता, त्याच ईमेलवरून झालेलं बोलणं. जुनं गिऱ्हाईक असेल तर आधीच्या ऑर्डरीही काढा. व्हिसानं एप्रिल २०२३ पासून नियम केला आहे की त्याच कार्डावरचे, वादात नसलेले, १२० ते ३६५ दिवस जुने दोन व्यवहार आयपी पत्ता किंवा उपकरणासारख्या खुणांनी जुळवून दाखवता आले तर १०.४ ची जबाबदारी कार्डाच्या बँकेकडे जाते. हे गेटवेला सांगून करून घ्यावं लागतं.

उत्तर इंग्रजीत आणि एका पानात. सांगाडा साधारण असा: ‘ऑर्डर अमुक, तारीख तमुक. गिऱ्हाइकानं २६.५ सेंटिमीटर माप भरलं (जोडपत्र १). त्याच मापाचा जोड पाठवला, फोटो जोडपत्र २. वर्णनात रंग गडद होतो असं लिहिलेलं आहे (जोडपत्र ३). तक्रारीनंतर दोन दिवसांत माल परत पाठवल्यास पूर्ण परतावा देऊ असं कळवलं (जोडपत्र ४). गिऱ्हाइकानं माल परत केलेला नाही.’ बस. आम्ही तीन पिढ्या या धंद्यात आहोत, गिऱ्हाईक खोटारडं आहे, गरीब कारागिरांचं नुकसान होतंय, हे काही लिहू नका. जोडपत्रांवर नंबर मोठ्या अक्षरात टाका आणि मराठी संदेश असतील तर त्याखाली इंग्रजी भाषांतर द्या.

गिऱ्हाइकाशी समझोता झाला तर ‘तक्रार मागे घेतो’ एवढ्या तोंडी शब्दावर परतावा देऊ नका. आधी मागे घेतल्याचं बँकेचं किंवा पेपालचं पत्र मागा, किंवा परतावा त्याच केसमधून द्या.

प्रत्येक वाद लढायचा नसतो. पुरावा कमजोर आणि रक्कम लहान असेल तर मान्य करून मोकळे व्हा. मात्र एकूण व्यवहारांत चार्जबॅकचं प्रमाण वाढलं तर कार्ड कंपन्या आणि गेटवे खात्यावर नजर ठेवू लागतात, आणि जिंकलेल्या केसही बहुतेकदा त्या मोजणीत धरल्या जातात. त्यामुळे एकाच वस्तूवर दोन-तीन तक्रारी आल्या तर ती वस्तू विक्रीतून काढा आणि वर्णन दुरुस्त करूनच परत लावा.

घाऊक ऑर्डर असेल तर

सिडनीतल्या एखाद्या दुकानानं दोनशे जोड मागितले तर कार्ड किंवा पेपाल घेऊ नका. बँकेतून स्विफ्टनं पैसे मागा, निम्मे आगाऊ आणि उरलेले माल निघण्याआधी. आलेलं स्विफ्ट पेमेंट गिऱ्हाइकाला आपल्या मर्जीनं परत ओढता येत नाही. उधारीवरच द्यायचं असेल तर ईसीजीसीचं विमा-संरक्षण विचारा. १९५७ पासूनची ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवण्याच्या जोखमीवर पॉलिसी देते.

पैसे गेल्यावरची कागदपत्रं

वाद हरल्यावर माल निर्यात झाला पण पैसे आले नाहीत, किंवा येऊन परत गेले, अशी स्थिती होते, आणि बँकेच्या ईडीपीएमएस नोंदीत (निर्यातीचे पैसे आले की नाही याच्या यादीत) ते शिपिंग बिल उघडं राहतं. चार्जबॅकच्या निकालाचं पत्र, गेटवेचं स्टेटमेंट आणि मूळ इन्व्हॉइस घेऊन बँकेच्या परकीय चलन विभागात जा. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रत्येकी १० लाख रुपयांपर्यंतच्या शिपिंग बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणापत्रावर बंद करण्याची मुभा दिली आहे, पैसे कमी आले असले तरी. ते घोषणापत्र दर तिमाहीला एकत्र देता येतं. सीएला त्याच वेळी कळवा, म्हणजे जीएसटीच्या विवरणात ती निर्यात आणि परतावा दोन्ही जुळतील.